पाकळी पडेना

भाद्रपद आला की माझा फोन दरवर्षी मला एक पांढरं चित्र दाखवतो. नुसतं पांढरं. त्यात डोंगर नाही, झाड नाही, माणूस नाही. वर 'आठवणी' असं लिहून तो खाली हा दुधाळ चौकोन ठेवतो. शैला, म्हणजे आमच्या घरात फोनमधली जागा मोकळी करण्याच्या मोहिमेवर कायम असणारी माझी बायको, म्हणते की हे तरी पुसून टाका. मी तिला सांगतो, अगं नीट बघ, यात एक देऊळ आहे, देवळात देव आहे, देवाच्या अंगावर दोन पाकळ्या आहेत आणि त्या पडत नाहीयेत. ती चष्मा लावून बघते. तिला सगळं माहीत असतं, तीही तिथं होती. तरी बघते.

सांगलीतला भाद्रपद चिडका असतो. पावसानं अंग काढून घेतलेलं आणि उन्हाला एकदम मुकादमकी मिळालेली. नदी घाटाच्या पायऱ्यांवर गाळ ठेवून मागं सरलेली. गौरी-गणपती उरकलेले, पितरपाठ तोंडावर, आणि माझ्या कापडाच्या दुकानात दसऱ्याचा माल गठ्ठ्यांनी येऊन पडलेला. गिऱ्हाईक मात्र म्हाळ झाल्याशिवाय नवं कापड अंगाला लावणार नाही. अशा वेळी दुकानदारानं गठ्ठ्याला टेकून पंख्याकडं बघावं किंवा गावाला जावं. त्या वर्षी आम्ही गेलो वाईला, शैलाच्या मावशीकडं.

परतताना सरळ साताऱ्यावरून महामार्ग धरायचा, तर मी म्हणालो, जाता जाता मेढ्यावरून वर जाऊ, डोंगरावर फुलं आली असतील. 'जाता जाता' हा माझ्या संसारातला सगळ्यांत महागडा शब्द आहे. जाता जाता आम्ही एकदा शेळ्यांच्या बाजारात अडकलो आहोत आणि एकदा संपूर्ण परक्या माणसाच्या बारशाला जेवलो आहोत. शैलानं खिडकीची काच वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली की काच किती जोरात वर गेली यावरून मला मजकूर कळतो.

मेढा सोडून घाट चढलो आणि जग संपलं. धुकं असं की गाडीतला चिमुकला गणपती दिसत होता, त्याच्यापुढं काही नाही. एक बैल मध्येच त्या पांढऱ्यातून अर्धा बाहेर आला, विंगेतून चुकून आत आलेल्या नटासारखा आमच्याकडं बघून ओशाळला आणि उलट पावली परत गेला. मी फोनवर नकाशा बघितला. नकाशा ठामपणे म्हणाला की आम्ही कोयनेच्या पाण्याच्या मधोमध आहोत. मी गाडीतून उतरून पाय आपटून पाहिले. डांबर होतं. मग याच जागेची एक आठवण असावी म्हणून मी फोटो काढला. तोच हा.

डांबराच्या कडेला तेरड्याची गर्दी होती, गुलाबी-तांबडी आणि अधूनमधून पांढरी, आणि तिच्यामागं एक घर. घराच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ घेतलेला एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. मी साताऱ्याची वाट विचारली. त्यानं वाट सांगितली नाही. उलट मलाच विचारलं, गाव कोणतं. मी सांगली म्हणालो. आमच्या गावात नातं-गोतं कोण हाय का? मी नाही म्हणालो. पलीकडच्या गावात? तिथंही नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा आनंद मला कुठंही नातेवाईक नाहीत हे ऐकून आजवर कुणाला झालेला नाही. तो धुक्याकडं तोंड करून म्हणाला, "आप्पा, वाटंचा मानूस घावला."

धुक्यातून कुणीतरी "आलू" म्हणालं.

पुढच्या थोड्या वेळात आमचे पाय धुतले गेले, आम्हाला घोंगडीवर बसवलं गेलं, आणि आपण नेमके कोण समजले जात आहोत या विचारानं मी हैराण झालो. सरकारी माणूस म्हणावं तर शैला सोबत होती. मुलगी बघायला आलेले पाहुणे म्हणावं तर घरात मुलगी दिसत नव्हती. घरात होते हे म्हातारबुवा, ज्यांना सगळे धोंडीतात्या म्हणत, आणि त्यांची बायको इंदामावशी. ठेंगणी, चपळ बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. चूल आणि घोंगडी यांच्यात चार हातांचं अंतर. मावशींनी चुलीवरून मला विचारलं, "पाहुणं, त्यास्नी इचारा, च्यात साखर किती टाकू."

मी इकडंतिकडं पाहिलं. 'त्यास्नी' म्हणजे माझ्या शेजारी बसलेले तात्या. मी मान वळवून विचारलं. तात्या म्हणाले, "त्यास्नी सांगा, रोज टाकता तेवढी." मी मान परत वळवली. मावशी म्हणाल्या, "सांगा, रोजच्याला गोड लागत न्हाई म्हनत्यात." असं करत तो चहा होईपर्यंत माझी मान देवळातल्या घंटेसारखी हलत राहिली. शैलाला हसू आवरेना, म्हणून ती मदतीच्या निमित्तानं चुलीपाशी जाऊन बसली. तर तिच्याही गळ्यात तेच काम आलं. आता मावशी शैलाला सांगत, शैला मला, मी तात्यांना. गौरी गेल्या त्या दिवसापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि घरात तिसरं माणूस नसताना त्यांनी कसं भागवलं असेल याचा विचार मी अजूनही करतो. म्हशीमार्फत बोलत असावेत.

आप्पा आले. ते गावचे गुरव. ओलेत्यानं, खांद्यावर पंचा, हातात तेरड्याची दोन फुलं. एक तांबडं, एक पांढरं. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा सरळ माहिती मिळाली, म्हणून मी ती तशीच सांगतो. तात्यांचा मुलगा कुपवाडात, म्हणजे आमच्या सांगलीला लागूनच, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे. त्यानं दोन खोल्या घेतल्या आहेत. सूनही कामाला जाते, नात लहान आहे, तिला सांभाळायला कुणी नाही. दसऱ्याला येतो आणि तुम्हाला दोघांनाही घेऊन जातो, असा त्याचा निरोप आलेला. मावशींना जायचं होतं. तात्यांना जायचं नव्हतं. भांडून झालं, रुसून झालं, शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं की देव सांगेल तसं. म्हणून भैरोबाला कौल लावायचा. देवाच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या. तांबडी आधी पडली तर जायचं, पांढरी पडली तर राहायचं.

आणि या गावाची रीत अशी की घराबाराचा कौल घरच्या माणसानं लावायचा नाही, भावकीनं नाही, गावातल्या कुणीच नाही. ज्याला यातलं काही देणंघेणं नाही अशा वाटेच्या माणसानं लावायचा. इतर दिवसांत असा माणूस मिळतो. या दिवसांत धुक्यात वर कोण येणार? कितीतरी दिवस दोघं आळीपाळीनं ओट्यावर उभी राहून रस्त्यावर कान ठेवत होती.

मला ही भूमिका फार आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही. सांगलीच्या हौशी नाटकांत मी आजवर तिसऱ्या अंकात येऊन निघून जाणारा डॉक्टर केलेला आहे. इथं देवानं थेट मुख्य काम दिलं होतं. मी हातपाय धुऊन, आप्पांनी दिलेला पंचा खांद्यावर टाकून, शक्य तितक्या गंभीर चालीनं गाभाऱ्यात गेलो. काळा पाषाण, रुपेरी डोळे, समईचा एक ठिपका. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. मी पाकळ्या चिकटवल्या आणि बाहेर येऊन म्हणालो, "झालं ना? आता साताऱ्याची वाट—"

आप्पा म्हणाले, "आता कौल पडस्तवर तुमाला शीव वलांडता येत न्हाई."

हे आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो. आप्पा म्हणाले, आधी सांगितलं तर कोण लावंल?

साधारण किती वेळ लागतो, असं शैलानं विचारलं. एरवी चहा प्यायला लागतो तेवढा, आप्पा म्हणाले, मग जरा कान खाजवून पुढं म्हणाले की भादव्यात कौल लावतच नाहीत. नवरात्रात लावतात, हवा कोरडी झाल्यावर. आता देवाच्या अंगालाच पाणी सुटलेलं असतं. मी सांगितलं होतं यास्नी, पण पोरगं दसऱ्याला येणार म्हटल्यावर दोघांना दम निघेना. सगळ्यांनी मिळून आत डोकावून पाहिलं. भैरोबा खरोखरच घामाघूम होते आणि दोन्ही पाकळ्या त्यांच्या खांद्यांना अशा बिलगल्या होत्या की जणू तिथंच उगवल्यात.

तर अशा रीतीनं मला विश्रांती मिळाली. माणसं विश्रांतीसाठी डोंगरावर खोल्या घेतात, पहाटे उठून सूर्योदय बघतात, दुपारी धबधबा, संध्याकाळी सूर्यास्ताचं टोक. परत येतात ती आंबलेली. विश्रांती म्हणजे जाता न येणं, हे मला त्या ओट्यावर कळलं. बघायला काही नव्हतं, कारण दिसतच नव्हतं. फोनला आवाज नव्हता. दुकान होतं, पण खाली कुठंतरी, ढगांच्या तळाशी. धुकं ओट्यापर्यंत यायचं, माझ्या पायांशी थांबायचं, परत जायचं. त्यात कुठं भाताच्या लोंब्यांचा ओला वास, कुठं शेणाचा, कुठं धुराचा. पागोळ्या पडत होत्या, पाऊस नसताना. मला आधी वाटलं की तास गेला, मग वाटलं की सकाळच संपलेली नाही. दुपार कधी झाली हे जेवणाची ताटं आल्यावर समजलं.

जेवण काय होतं. नाचणीची भाकरी, घेवड्याची दाट आमटी, करटुल्याची भाजी, आणि म्हशीचं असं दही की वाडगा उपडा केला तरी ते विचार करून पडलं असतं. शैला, जी घरी एका भाकरीवर उठते, तिनं दुसरी घेतली. जेवताना निरोपांची ये-जा चालूच. त्यास्नी सांगा, मिरची वाढू का. त्यास्नी सांगा, कवा न्हाई म्हनलो. एकदा तर मावशींनी शैलाला आणि तात्यांनी मला एकाच वेळी एकच निरोप दिला, की त्यास्नी सांगा, निम्मी भाकर तरी घ्या, सकाळपासनं पोटात काय न्हाई. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तो निरोप कुणीच पोचवला नाही. पोचला होताच.

जेवणानंतर तात्या मला म्हैस दाखवायला गोठ्यात घेऊन गेले. पाहुण्याला म्हैस दाखवणं हा तिकडचा मान असावा. म्हशीनं माझा शर्ट हुंगला. तिच्या पाठीवर हात फिरवत तात्या बोलत राहिले. सगळी उमर मुंबईच्या भाजीबाजारात पोती वाहिली, म्हणाले. खोलीत दहा-बाराजण, पाळीपाळीनं झोपायचं. वर पत्रा. रातपाळी करून दिवसा आडवं झालं की पत्र्याकडं बघून हा डोंगर आठवायचा, कुठल्या बांधावर काय झाड आहे ते मोजायचं, त्यावर झोप लागायची. वर्षातनं दोनदा गावी, जत्रेला आणि गणपतीला. असं करता करता केस पिकले आणि मग कायमचं परत आलो. "आता पुन्यांदा पत्र्याखाली जाऊ म्हनत्यात." म्हणणारं माणूस पलीकडं भांडी घासत होतं. त्यांचा आवाज तिकडं पोचेल एवढा मोठा होता.

मला वाटलं, तात्यांचं बरोबर आहे. राहू द्यावं माणसाला. पांढरी पडो.

मग मी ओट्यावर आलो तर शैला डोळे पुसत बसलेली. मावशींनी तिला त्यांची बाजू सांगितली होती. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून तात्या मुंबईत. सासू-सासऱ्यांचं त्यांनी एकटीनं केलं, पोर एकटीनं वाढवलं, या धुक्यात, या पावसात, महिनोन् महिने दार उघडलं की पांढरं आणि मिटलं की काळं. म्हातारी आजारी पडली तेव्हा डोलीतनं तिला खाली न्यायला माणसं गोळा केली ती त्यांनीच. मुंबई त्यांनी एकदाही पाहिली नाही, कारण खोलीत बाया ठेवत नव्हते. आता पोरगा म्हणतोय की ये, दारात रिक्षा येते, पलीकडं दुकान आहे, नात बोट धरून चालायला लागलीय. एवढंच त्यांना हवं होतं. नातीला घेऊन दुकानापर्यंत जायचं आणि वाटेत चार बाया भेटायच्या.

मला वाटलं, मावशींचंही बरोबर आहे. तांबडी पडो. आणि मग माझी मती गुंग झाली. नवरा आयुष्यभर ज्या गावासाठी झुरला तिथं बायको कोंडली गेली होती. एकाची सुटका म्हणजे दुसऱ्याची कैद. असा खटला देवापुढं नेल्यावर देवाला घाम फुटणार नाही तर काय होईल?

मी देवळात जाऊन सभामंडपातल्या गार फरशीवर आडवा झालो. पाकळ्यांवर लक्ष ठेवतो, असं सांगून. लक्ष ठेवता ठेवता डोळा लागला. जागा झालो तो पावलांच्या आवाजानं. डोळे किलकिले करून पाहिलं तर तात्या. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. झोपण्याचा अभिनय मला उत्तम येतो, पहिल्या अंकातल्या मेलेल्या काकांचं कामही मी केलेलं आहे. त्यांची खात्री पटली. ते गाभाऱ्यात गेले, देवाच्या पाया पडले, आणि अंगठा ओला करून एक पाकळी हलकेच दाबून बसवली.

आलं लक्षात, मी मनात म्हणालो. तांबडी दाबून ठेवली की ती पडायची नाही, पांढरी पडेल, म्हातारबुवा गावात राहतील. देवाशी लबाडी. मला त्यांचा थोडा रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं. ते गेल्यावर मी उठून आत डोकावलो. अंगठ्याचा ओला ठसा तांबड्या पाकळीवर नव्हता. पांढरीवर होता.

मी पुन्हा फरशीवर बसलो आणि बोटांवर मांडणी केली. पांढरी दाबली म्हणजे ती पडणार नाही. ती पडणार नाही म्हणजे राहायचं होणार नाही. म्हणजे ज्याला राहायचं आहे त्यानंच राहायचं दार लावून घेतलं. म्हाताऱ्याची पाकळ्यांत गफलत झाली म्हणावं तर ज्या माणसाला पत्र्याकडं बघून बांधावरची झाडं मोजता येतात त्याला तांबडं-पांढरं कळत नाही? मी पुरता गोंधळलो आणि शैलाला गाठलं. देवळामागं, तेरड्यात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. म्हणाली, "सकाळी मावशी पाणी भरायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्यामागून गेले होते. त्या आधी देवळात गेल्या. मी दारातून बघितलं. त्यांनी तांबडी दाबली."

शैलाच्या केसांवर धुक्याचे थेंब बसले होते, अगदी बारीक, आणि ती एकदम फार वर्षांपूर्वीची दिसली. देव बोलत नव्हता कारण त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. सांगावं की सांगू नये? मी म्हणालो, सांगायचं नाही, देवाच्या कामात आपण पडू नये. शैला म्हणाली, सकाळपासून साखरेचे आणि मिरच्यांचे निरोप पोचवतोय, हा एक राहिलाय.

चहाला सगळे चुलीपाशी जमलो. आप्पाही होते. शैलानं कप खाली ठेवला आणि दिवसभर जो आवाज मीठ-मिरचीला वापरला होता त्याच आवाजात म्हणाली, "मावशी, तात्या म्हणतात, पांढरी पाकळी त्यांनी दाबून ठेवलीय."

तात्यांची बशी ओठांजवळ तशीच राहिली. रंगमंच एकट्या बायकोच्या हाती सोडणं मला जमत नाही, म्हणून मीही वळलो. "आणि तात्या, मावशी म्हणतात, तांबडी त्यांनी दाबलीय."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आप्पांनी कपाळाला हात लावला. इंदामावशींनी मान वर करून प्रथमच सरळ नवऱ्याकडं पाहिलं.

"आवं, पांढरी कशापायी दाबली? ऱ्हायाचं तर तुमालाच हाय न्हवं?"

तात्यांनी सवयीनं उत्तर द्यायला माझ्याकडं तोंड केलं. मी छपराकडं बघू लागलो. मग त्यांना तिकडंच वळावं लागलं.

"लय वर्सं हितं एकटीनं काढलीस. आता तरी मोकळी हो म्हनलं."

"आन तुमी? तितं पत्र्याखाली पडून डोंगर आटवत बसशीला. त्ये मला बघवंल व्हय?"

"बघू नगंस. नातीकडं बघ."

"मला न्हाई जायाचं."

"आता न्हाई कसं? चल म्हनतोय मी."

आणि दोघं भांडायला लागली. कडाकडा, समोरासमोर, एकमेकांच्या तोंडावर. फरक एवढाच की आता तात्या म्हणत होते जाऊ आणि मावशी म्हणत होत्या राहू. सकाळपासून दोन बाजू पाठ केलेला मी, कोण कुठल्या बाजूचं हेच विसरून गेलो. आप्पांनी मध्यस्थी केली. म्हणाले, हाताचा स्पर्श झालेला कौल बाद, वाटंचा मानूस मोकळा. मग जरा थांबून, भल्यासाठीच, म्हणाले की असं करा, एकजण खाली जा आणि एकजण वर ऱ्हावा. सारं गाव तसंच तर ऱ्हात आलंय.

भांडण थांबलं. दोघांनीही आप्पांकडं पाहिलं.

"त्ये करून झालंय, आप्पा," मावशी म्हणाल्या.

धुकं दारातून आत आलं, चुलीच्या उबेला लागलं आणि विरलं. तात्यांनी थंड झालेला चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हशीच्या दिशेनं पाहत म्हणाले, "म्हस इकायची न्हाई."

"कोन इका म्हनलं?"

"भात कापाय वर यायाचं. शिमग्याला यायाचं. घराला कुलूप घालायचं न्हाई, आप्पांनी दिवा लावायचा." मावशी मान हलवत होत्या, प्रत्येक वाक्याला एकदा. मग तात्या माझ्याकडं वळले आणि निरोप सांगायच्या नव्हे, खऱ्याखुऱ्या कामाच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "पाहुणं, कुपवाडात म्हस बांधाय जागा घावंल का?"

दिवसभर देवाला न सुटलेला प्रश्न शेवटी येऊन थांबला तो माझ्यावर. कुपवाड मी रोज बघतो. कारखान्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागा, बाभळी, पत्र्याची शेडं, पाळी सुटली की दुचाकींची रांग. त्यात म्हैस कुठं बसते हे मी कधी पाहिलं नव्हतं. तरी मी घावंल म्हणालो. शैलानं माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, घावंल.

शीव ओलांडताना संध्याकाळ व्हायला आली होती. खाली मेढ्यात उतरलो तर स्वच्छ पिवळं ऊन, माणसं बाजार करत होती, जणू काही घडलंच नव्हतं. मागं वळून पाहिलं तर डोंगर कमरेपासून वर नाहीसा झालेला.

पितरपाठभर मी कुपवाडात जागा शोधत हिंडलो. दुकानातला गडी म्हणाला, मालकांना म्हाळात खूळ लागलं. शेवटी एका वर्कशॉपच्या मागं, गवत असलेली, पाण्याची टाकी असलेली जागा मिळाली. तात्यांच्या मुलाला मी ती दाखवली. तो आधी हसला, मग त्यानं तिथले दगड उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. मी आणि शैला रस्त्याच्या कडेला उभे होतो, मुलगा आणि सून होती, सुनेच्या कडेवर नात. टेम्पोत पुढं ड्रायव्हरच्या शेजारी चांगली गादीची जागा मोकळी होती. तिथं फक्त एक ट्रंक आणि तुळशीचं रोप होतं. फळी पाडली तेव्हा आत म्हैस दिसली, कडबा दिसला, आणि कडब्यावर मांडी घालून इंदामावशी. केसांत कडब्याच्या काड्या, पदर वाऱ्यानं विस्कटलेला. तात्या त्यांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेले. मावशींच्या एका हातात म्हशीचा दोर होता, दुसऱ्या हातात तात्यांच्या सदऱ्याची कॉलर गच्च धरलेली. आम्हाला बघून त्यांनी आवाज करू नका अशी खूण केली.

"घाट लागल्यापासनं निजल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "पडत्याल म्हनून धरून बसले."